बेस एकटा ऐकून निवडू नका

"ताई, आता गिग मिळायला लागल्यात, चांगला बेस गिटार घ्यायचाय. कुठला घेऊ?" गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हेच विचारलं. तिन्ही वेळा साउंडचेकच्या गडबडीत एक-दोन मॉडेलांची नावं सांगून मी मोकळी झाले आणि नंतर ते मनाला लागून राहिलं. मॉडेलचं नाव हे त्या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं. म्हणून आज वेळ काढून सविस्तर लिहितेय.

खोलीत एकटं बसून वाजवताना जो आवाज सुरेख वाटतो, तो बँडमध्ये बुडतो. आणि बँडमध्ये जो अचूक बसतो, तो एकटा ऐकला तर कोरडा, जरा नाकात बोलल्यासारखा वाटतो. बेस असो, तारा असोत की अँप, मी आता काहीच एकटं ऐकून घेत नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी उलटंच करत होते. घरी अँपवर बेसचा (खालच्या आवाजाचा) नॉब वर, ट्रेबल (वरचा आवाज) वर, मिड (मधला) पार खाली. खालून भरदार, वरून काचेसारखा लख्ख आवाज यायचा, तासन्‌तास वाजवत बसायचे. तोच आवाज घेऊन स्टेजवर गेले. दुसऱ्या गाण्यात गायिकेने मागे वळून पाहिलं आणि हातानेच विचारलं, वाजवतेयस ना? मी वाजवत होते. बोटांची सालं निघतील इतका जोर लावून वाजवत होते. त्या रात्रीचं कुणीतरी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. त्यात किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) मागे एक जाडसर घरघर ऐकू येते, तेवढीच मी. सूर कुठला लागलाय ते काही केल्या कळत नाही.

असं का होतं, ते समजायला मला फार वेळ लागला. बेसच्या मोकळ्या ई तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं), ए ५५, डी ७३, जी ९८. हा सगळा मुलूख किक ड्रमच्या शेजारचा. वरच्या अंगाला सिंबल्स, गिटार आणि गाणाऱ्याच्या शब्दांतली व्यंजनं दाटीने बसलेली असतात. बेसचा सूर कुठला हे ऐकणाऱ्याला कळतं ते मधल्या पट्ट्यात, ढोबळमानाने २०० ते ८०० हर्ट्‌झमध्ये, तिथे असलेल्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या उपसुरांमुळे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ बाहेर पडतच नाही, तरी त्यावर गाण्यातली बेसची चाल आपल्याला ओळखता येते. वरच्या हार्मोनिक्सवरून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मी घरी मिड खाली ओढत होते तेव्हा कानाच्या हातातला तोच धागा कापून टाकत होते.

आता साउंडचेकला माझी एक पद्धत ठरलेली आहे. लांब केबल लावते, स्टेजवरून खाली उतरते आणि ड्रमर-गिटारवाल्यांना सगळ्यात गजबजलेला भाग वाजवायला सांगते. एकटीने वाजवून नॉब फिरवत नाही. आणि एका जागी उभी राहूनही नाही, कारण ४१ हर्ट्‌झची लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. हॉलच्या भिंतींवरून ती परतते, कुठे दुप्पट होते, कुठे जवळजवळ नाहीशी होते. चार पावलं चाललं की वेगळाच बेस ऐकू येतो. कोपऱ्यात उभं राहून "बेस फार होतोय" म्हणणारा आणि मधोमध उभा राहून "बेस येतच नाहीये" म्हणणारा, दोघंही खरंच बोलत असतात.

आता वाद्याबद्दल. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तो गिगमधल्या अडचणीवर उपाय म्हणून. उभा डबल बेस नेण्या-आणण्याला अवजड, आणि अँप लावलेल्या गिटारपुढे त्याचा आवाज पोचायचा नाही. मानेवर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या) असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव प्रिसिजन. ३४ इंचांची स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेव्हा ठरली, आजही बहुतेक बेसची तीच आहे. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आला. दोन्ही अर्धे एकमेकांच्या उलट जोडलेले असल्याने बाहेरून येणारी गुणगुण आपोआप कापली जाते.

कागदावर ही बारीकशी गोष्ट वाटेल, पण गुणगुण वाढवणाऱ्या डिमरच्या दिव्यांखाली उभं राहिलं की तिची किंमत कळते. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसवर दोन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे) पिकअप असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले तर तिथेही गुणगुण कापली जाते, पण एक जरा कमी केला की ती परत येते. मला जॅझ बेसचा मागच्या पिकअपचा आवाज मनापासून आवडतो. सराव त्यावरच करते, रेकॉर्डिंगलाही नेते. गिगला मात्र दहापैकी आठ वेळा प्रिसिजन. त्याचा तो मधल्या पट्ट्यातला गुरगुरता फुगवटा घरी कंटाळवाणा वाटतो, पण बँडमध्ये आपसूक जागेवर जाऊन बसतो.

वजन आणि तोल. दुकानात आपण बेस बसून वाजवून बघतो, गिग उभ्याने असतो. काही बेसचं डोकं जड असतं, हात सोडला की मान खाली जाते. मग डावा हात रात्रभर सूर दाबण्याबरोबर मान उचलण्याचंही काम करतो, आणि तिसऱ्या तासाला मनगट आणि खांदा दोन्ही बोलायला लागतात. चार किलोंचा आणि पाच किलोंचा बेस यातला फरक दुकानात जाणवतही नाही. पट्टा लावून अर्धा तास उभं राहा, मग ठरवा. पट्टा चांगला रुंद घ्या. माझ्या उजव्या हाताने वाजवणाऱ्या मित्रमैत्रिणींपैकी डाव्या खांद्याचं दुखणं नसलेलं माणूस शोधावं लागेल.

तारांच्या बाबतीत माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. नव्या कोऱ्या राउंडवाउंड (खरखरीत, गोल वेढ्याच्या) तारांची ती झणझणीत चमक दोन दिवस फार आनंद देते. पण ती बरोबर गिटारच्या जागेवर जाऊन बसते आणि बँड गढूळ होतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) तारा लावायचा, आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने. कॅरोल के मुळात गिटार वाजवणारी. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून तिने बेस हातात घेतला, आणि पुढे ती लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधल्या सर्वाधिक मागणी असलेल्या बेसिस्टांपैकी एक झाली. ती पिकने (बोटात धरायच्या पातळ तुकड्याने) वाजवायची आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे बेसच्या अंगावर टेकतात तिथे, तारांवर फेल्टचा तुकडा लावायची. दोघांचेही सूर आखूड, गोल आणि स्पष्ट. एकटे ऐकले तर ठोकल्यासारखे वाटतात, गाण्यात ऐकले तर दुसरं काही हवंसंच वाटत नाही.

माझ्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड आहेत आणि ब्रिजच्या आत तारांखाली फोमचा एक तुकडा असतो, हवा तेव्हा सरकवते. जॅझवर राउंडवाउंड, पण नव्या तारा गिगच्या आदल्या दिवशी कधीच लावत नाही. त्या ताणून स्थिरावायला वेळ लागतो.

अ‍ॅक्टिव्ह बेसबद्दल, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या बेसबद्दल, एकदा जे घडलं ते सांगते. संथ गाणं, दुसऱ्या अंतऱ्यात फक्त आवाज आणि बेस अशी रचना. पहिल्या दोन ओळी ठीक. मग आवाज थोडा फाटल्यासारखा झाला, जणू स्पीकरचा कागद चिरलाय. मला वाटलं केबल. पायाने जॅक हलवून पाहिला. पुढच्या सुराला आवाज निम्मा, त्याच्या पुढच्याला नुसती खरखर, आणि मग काहीच नाही. गायिका तशीच गात राहिली, डोळे मिटून, कसल्याही आधाराशिवाय. ड्रमरने ओळखलं आणि ब्रशने हलका ठेका धरला. मी हातात मुकं लाकूड घेऊन उभी. आत ९ व्होल्टची बॅटरी संपली होती. आदल्या रात्री सराव झाल्यावर केबल बेसलाच लावून ठेवली होती, आणि अशा बेसमध्ये जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. रात्रभर ती जळत राहिली.

त्यानंतर एक नियम केला: बॅटरीवरच्या ज्या बेसला पॅसिव्ह करायचा (बॅटरीविना वाजवायचा) स्विच नाही, तो गिगला न्यायचा नाही. अ‍ॅक्टिव्ह सर्किट वाईट असतं असं मी म्हणत नाही. लांब केबलवर त्याची वरची बाजू टिकून राहते, सुरांचा समतोल बसल्या जागी साधता येतो. पण मला मधल्या अंतऱ्यात कुणालाही पुन्हा असं उघड्यावर सोडायचं नाहीये.

अँपवर मी आता कमीत कमी पैसा आणि ताकद खर्च करते. १९६९ चा अँपेग एसव्हीटी म्हणजे ३०० वॉटचा व्हॉल्व्हचा डोंगर, नुसतं हेडच (स्पीकरशिवायचा अँप) ३५ किलोंच्या वर, आणि खाली आठ स्पीकरचं फ्रिजएवढं कॅबिनेट (स्पीकरची पेटी). त्याच्यापुढे एकदा उभी राहून वाजवलंय, पोटात आवाज फिरतो, विसरणार नाही. पण रात्री उशिरा जिन्यावरून सामान मीच उतरवणार असते. आज क्लास डी या हलक्या प्रकारचं हेड दोन-तीन किलोंत ५०० वॉट देतं आणि निओडिमियम चुंबकांमुळे कॅबिनेट एका हातात उचलता येतं. वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. स्पीकर किती आणि कसे, याने जास्त फरक पडतो. तसंही मोठ्या गिगमध्ये माझा अँप ऐकतो कोण, मी आणि ड्रमर. समोरच्या लोकांना ऐकू येतो तो डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून) गेलेला बेस.

म्हणून माझी आग्रहाची विनंती: नवा पेडल (पायाने चालवायचं आवाजाचं यंत्र) घ्यायच्या आधी स्वतःचा चांगला डीआय घ्या. बेसचा हाय-इंपिडन्स, म्हणजे लांब केबलवर कमजोर पडणारा, सिग्नल लांबच्या मिक्सरपर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. डीआय तो बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण टाळणारा), लो-इंपिडन्स करतो, मग पन्नास मीटर गेला तरी चिंता नाही. एका ठिकाणी तिथलाच डीआय वापरला, त्याचा ग्राउंड लिफ्टचा (अर्थिंगमुळे येणारी भुणभुण तोडणारा) स्विच तुटलेला होता, आणि अख्खा कार्यक्रम माझ्या प्रत्येक सुरामागे भुणभुण होती. तेव्हापासून माझा डीआय बेसच्याच बॅगेत असतो. आणि साउंडच्या दादांना आधीच जाऊन सांगते, "दादा, प्री-ईक्यू देतेय," म्हणजे अँपचे नॉब लागायच्या आधीचा सिग्नल. त्यामुळे मी माझ्या अँपवर काहीही फिरवलं तरी त्यांनी बसवलेलं समोरचं गणित बिघडत नाही. या एका वाक्याने जितकी माणसं माझ्याशी प्रेमाने वागलीत, तितकी कुठल्याही महागड्या बेसमुळे वागली नसतील.

पेडल म्हणाल तर ट्यूनर. आवाज बंद करून सूर लावता येतो, बेस बदलताना ठाप असा आवाज जात नाही. बाकीचे आवडीने घ्या. केबल दोन, आणि ती पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये लावा, कुणाचा पाय पडला तरी निसटणार नाही. गुंडाळताना कोपराभोवती आवळून गुंडाळू नका, आतली तार पिळवटते. एक वेटोळं सरळ, पुढचं उलटं, असं घालत गेलं की ती वर्षानुवर्षं टिकते. माझी एक केबल माझ्या सध्याच्या दोन्ही बेसपेक्षा जुनी आहे.

आणि कान. यावर मी कुणाचं ऐकून घेणार नाही. आपण ड्रमच्या सिंबल्सपासून हातभर अंतरावर उभे असतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. आपलं एक गाणं, दुसरं गाणं, तिसरं गाणं, संपली. एका गिगनंतर माझा डावा कान दोन दिवस शिट्टी मारत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती थांबली तेव्हा मी पलंगावर बसून रडले होते. फोमचे बोळे वरचा आवाज जास्त खातात आणि सगळं कोंदल्यासारखं लागतं, म्हणून लोक ते काढून टाकतात. संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले प्लग घ्या. सूर तसाच राहतो, फक्त लांबून आल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन गिगमध्ये सवय होते.

राहिला चार तारा की पाच हा प्रश्न. यावर माझं अजून ठरत नाही. पाचव्या बी तारेचा सूर ३१ हर्ट्‌झच्या आसपास जातो, बऱ्याच ठिकाणचे स्पीकर तो नीट काढतही नाहीत. पण गायकाने ऐनवेळी पट्टी उतरवली की पाच तारांवर हात फक्त सरकवायचा असतो, ही सोय फार मोठी. तरी मी चारवरच आहे, कारण हाताला तीच रुंदी माहीत आहे आणि प्रिसिजन सोडवत नाही.

शनिवारच्या गिगला गायिकेने दोन गाणी डी वर आणलीत. ई तार डी पर्यंत उतरवणार, पण त्यांना लागूनच तिसरं गाणं सुरू होतं, तार परत चढवायला मध्ये एक श्वाससुद्धा नाही. म्हणजे ते गाणंही उतरवलेल्या तारेवरच वाजवायचं. जी तिसऱ्या फ्रेटवरून पाचव्यावर गेला, ए पाचव्यावरून सातव्यावर, आणि ज्या मोकळ्या ई वर सगळं गाणं उभं आहे, तो आता दुसऱ्या फ्रेटवर बोटाने दाबून धरायचा. गेले तीन दिवस तेवढंच वाजवतेय. अंतऱ्यातून परत येताना बोट अजून सवयीने जुन्या जागी जातंय.