वेळेत म्हातारं कसं व्हावं

बायांनो, म्हातारपण आपोआप येतं असा एक गैरसमज आहे. आपोआप येतात ते पांढरे केस आणि विजेचं बिल. म्हातारपण आणावं लागतं. त्याला मेहनत लागते, नेम लागतो आणि समोर काही चांगलं दिसलं रे दिसलं की 'ह्या वयात?' म्हणायची हातोटी लागते. मी ६२ वर्षांची आहे. त्यातली निदान बारा वर्षं हे काम मन लावून केलंय, तेव्हा चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे.

आधी धीर धरा. तुमची तयारी तुम्हाला वाटते त्याहून पक्की आहे. बाराव्या वर्षी लंगडी घालताना आजीनं हटकलं होतं, 'आता मोठी झालीस, उड्या बंद.' चोविसाव्या वर्षी आपण घोडनवरी झालो. पस्तिशीत पंजाबी ड्रेस घातला तर 'दोन लेकरांची आई गं तू.' पन्नाशीत सून येणार म्हणून गप्प बसायचं, साठीत सून आली म्हणून. आपलं वय कशालाच कधी बेताचं नव्हतं, कायम थोडं जास्तच. फरक इतकाच की तेव्हा सांगायला आजी होती, सासू होती, आत्याबाई होत्या. त्या सगळ्या गेल्या. ते खातं आता आपल्याकडं आलंय, आणि आलेलं खातं मोकळं ठेवून चालत नाही.

कपड्यांचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना जमतं. बिस्किटी, राखी, मळखाऊ. नवरात्रात वर्तमानपत्रातल्या यादीप्रमाणं नऊ दिवस राणी, पोपटी, मोरपंखी नेसायची सूट असते, अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत तर फोटोसुद्धा काढायचे. दसरा झाला की परत बिस्किटी. देवीला नऊही दिवस रंग शोभतात, पण देवीला शेजारीण नसते.

मिसळीचं मात्र सांगायला पाहिजे. कोल्हापुरात जन्म गेला, पण हॉटेलात एकटीनं बसून 'एक मिसळ, कट जादा' असं किती जणींनी म्हटलंय? मी नाही. कॉलेजात मैत्रिणींबरोबर जायचं तर खाली मान घालून, लग्नानंतर ह्यांच्याबरोबर, आणि आता मुलगा पार्सल आणतो. पिशवीतला गार झालेला कट पातेल्यात उकळताना बाईनं स्वतःशी म्हणायचं, 'ॲसिडिटी होते बाई.' मग तीच मिसळ दोन वेळा घेऊन खायची. पोटाला चालते, फक्त टेबलाला चालत नाही.

आता मुख्य विषय, गाडी.

चाळीस वर्षं मी स्कूटरवर मागं बसले, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, मांडीवर कधी पोर, कधी गॅसची शेगडी, एकदा तर पाच किलो गूळ. ह्या गावातले सगळे खड्डे मी कमरेनं पाठ केलेत. 'हे' गेल्यावर मागं बसायला पुढचा माणूस उरला नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, शीक की गाडी. अशा वेळी बाईनं ताबडतोब कायद्याचा आधार शोधावा, असा माझा विचार होता. म्हणून नियम काढून बघितले, आणि इथं मोठी निराशा झाली. मोटार वाहन कायद्यात खालची वयोमर्यादा आहे, वरची नाहीच! चाळिशीनंतर डॉक्टरचा नमुना १-अ चा दाखला जोडा म्हणतात, पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करा म्हणतात, पण 'आता पुरे, घरी बसा' असं एक कलम नाही. एवढा जाडजूड कायदा, आणि बायकांचं हे काम बायकांवरच सोडून दिलेलं.

म्हटलं, डॉक्टर तरी नापास करतील. त्यांनी बीपी बघितलं, डोळे तपासले आणि सही ठोकली. मी आठवण करून दिली, "अहो, गुडघा?"

"काकी, गाडीवर बसायचंय. गाडीमागनं पळायचं नाही."

मग घरच्यांवर भिस्त ठेवली. मुलगा अडवेल म्हणून जेवताना विषय काढला. तो म्हणाला, "बरं होईल की, मला बँकेत सोडायला यायचं लागणार नाही." सून अडवेल म्हटलं, तर तिनं हेल्मेट आणलं, तेही लाल. नातवानं पुठ्ठ्यावर लाल रंगात 'एल' रंगवून गाडीला बांधला. समोरच्या वैनींना मुद्दाम ऐकू जाईल असं बोलले, म्हणजे त्या नावं ठेवतील. त्या गॅलरीतनं म्हणाल्या, "तुम्ही शिका, मग मला मागं बसवा." लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील म्हणून जन्मभर ज्यांच्यावर भरवसा ठेवला, ते लोक ऐन वेळी असे उलटतात. अशा वेळी खचायचं नाही. घरचे साथ देत नसतील तर बाईनं एकटीनं झुंजायचं. मी अजून झुंजते आहे.

(आमच्या भाषेचा इथं काही उपयोग नाही, हेही सांगते. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' असं बाप्यागत बोलतात म्हणून पुण्याच्या विहीणबाई हसतात. बोलण्यात आम्ही बाप्ये. किल्ली हातात आली की लगेच बाईमाणूस.)

कावळा नाक्यावरनं जाताना मान खाली घालायची सवय ठेवा. तिथं ताराराणी घोड्यावर बसली आहे. ऐन पंचविशीत नवरा गेला आणि पुढं सात वर्षं तिनं औरंगजेबाशी झुंज दिली, ते एक वेळ सोडून देऊ, तरणी होती. खरी खोड पुढं आहे. जन्म १६७५चा, आणि नोव्हेंबर १७५०मध्ये, म्हणजे पंच्याहत्तरी गाठल्यावर, तिनं साताऱ्याच्या किल्ल्यात प्रत्यक्ष छत्रपती रामराजाला कैदेत टाकलं. आधी स्वतःच 'माझा नातू' म्हणून ज्याला पुढं आणलं, त्यालाच. वर पेशव्याशी वाकडं घेतलं आणि ८६ वर्षांची होईपर्यंत जगली. पुतळा करताना आपण शहाण्यासारखी घोड्यावरची तरुण राणी निवडली. राजकारण करणारी आजी चौकात उभी केली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांवर काय परिणाम झाला असता? नातवाला कैदेत टाका असं मी म्हणत नाही. मला एकच आहे, आणि 'एल' त्यानं खरंच सुबक काढलाय.

अशी वाया गेलेली उदाहरणं हल्ली फार कानावर येतात, कान झाकून घ्या. पंजाबातल्या मन कौर ९३व्या वर्षी पळायला लागल्या आणि २०१७ साली ऑकलंडला जागतिक मास्टर्स स्पर्धेत, १०१ वर्षांच्या असताना, शंभर मीटरचं सुवर्णपदक घेऊन आल्या. पळायचं खूळ त्यांच्या डोक्यात पोटच्या मुलानंच घातलं. ठाणे जिल्ह्यात मुरबाडजवळ फांगण्याला २०१६च्या महिला दिनापासून आजीबाईंची शाळा भरते, गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून. गुलाबी! आपल्या बिस्किटी रंगावर एवढी वर्षं घेतलेली मेहनत अशी पाण्यात जाते.

आणि एक शास्त्रीय भानगड. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या बेक्का लेव्ही यांनी ओहायोमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या ६६० माणसांचा अभ्यास २००२ साली छापला. स्वतःच्या उतारवयाकडं बऱ्या नजरेनं बघणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली. आकडा नीट वाचा, साडेसात. म्हणजे पुरती साडेसातीच की! आमच्याकडं साडेसाती लागली तर शनिवारी मारुतीला तेल घालून घालवतात. ही मात्र आनंदी राहून स्वतःच्या हातानं लावून घ्यायची म्हणे.

सरकारचाही काही नेम राहिला नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट, आणि ७५ झाली की राज्यात कुठंही फुकट. पन्हाळा इथनं फक्त वीस किलोमीटर. मी शेवटची गेले ती पुतणीला दाखवायचा कार्यक्रम होता म्हणून, गाडीतनं, आणि तीन दरवाजाच्या सावलीत पिशव्या राखत बसले. एकटीनं एसटीनं जायचं मनात आलं तर उत्तर तयार ठेवा: 'पंच्याहत्तरीला फुकट होईल तेव्हा बघू.' पंच्याहत्तरीला म्हणायचं, 'आता कुठं!' मधली तेरा वर्षं आरामात निघतात.

तर माझ्या गाडीचं. शिकाऊ लायसन्स हातात पडलंच, ते चुकवता आलं नाही. पण त्यात एक सोय आहे, सहा महिने काही केलं नाही की ते आपोआप संपतं. पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवसांनंतर देता येते, म्हणजे टाळायला पाच महिने हातात मिळतात. मी त्यातला एक दिवस वाया जाऊ दिलेला नाही. पहिल्या महिन्यात गुडघा काढला, दुसऱ्यात पाऊस, मग गणपती, गौरी, पितृपंधरवडा. मध्ये हेल्मेटमध्ये अंबाडा बसत नाही हे सापडलं, त्यावर बारा दिवस गेले. अजून एकोणीस दिवस काढायचेत.

शेजारची पोरगी तेवढी चिवट आहे. रोज सकाळी साडेसहाला खालनं हॉर्न वाजवते, शेंडा पार्कला रस्ता मोकळा असतो म्हणते. मी गॅलरीतनं रोज एक कारण खाली टाकते. काल मात्र दूध उतू चाललं होतं, घाईत काही सुचलं नाही, आणि तोंडातनं निघून गेलं, "उद्या येतो गं."