मागची पिवळी गाडी

तीन फेऱ्यांची शर्यत. पावणेतीन फेऱ्या मी पहिला होतो, आणि नुसता पहिला नाही. मागे रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. शेवटच्या वळणाआधी सवयीने आरशात पाहिलं आणि ती दिसली. पिवळी गाडी. दहा सेकंदांपूर्वी नकाशावर तिचा ठिपका डोंगराच्या पलीकडे होता. आता तिचं नाक माझ्या डिकीला लागलेलं. मी बटण इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. ती उजव्या बाजूने शांतपणे पुढे गेली आणि रेघ ओलांडून मोकळी झाली. 'सेकंड प्लेस! ग्रेट एफर्ट!' स्पीकरमधली अतिउत्साही बाई किंचाळली. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आतल्या खोलीतूनही एक बाई काहीतरी म्हणाली, पण त्यात 'ग्रेट' हा शब्द नव्हता.

मी ४६ वर्षांचा, नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करणारा माणूस. रोज सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यातून ॲक्टिव्हा काढतो. साडेनऊच्या सुमाराला ज्याने तो बोगदा पार केला, त्याला कुठल्याही शर्यतीचं भय वाटायचं कारण नाही. शिवाय माझं शिक्षण जुनं आहे. १९९८ साली मी टॅली शिकायला कॉम्प्युटर क्लासला जायचो आणि 'रोड रॅश' नावाचा गेम शिकून यायचो. सर चहाला गेले की सीडी आत, दोन मिनिटांत मोटारसायकल रस्त्यावर. शेजारच्याला साखळीने हाणायचं, पडलो तर उठून गाडीपर्यंत पळत जायचं, पोलिसाने धरलं तर दंड भरायचा. सगळा व्यवहार रोखठोक. हरलो तर का हरलो ते कळायचं.

म्हणून सेलमध्ये हा नवा गेम ९९९ रुपयांना दिसल्यावर मी घेतला. नाव सांगत नाही. उगाच जाहिरात कशाला?

गेम ११० जीबीचा. आमच्या घरचं इंटरनेट ४० एमबीपीएसचं, म्हणजे कागदावर सहा तास. प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री लावलेला गेम शनिवारी दुपारी उतरला, आणि तेवढ्या वेळात बायकोची मालिका सतरा वेळा अडकली. मग कळलं की हा फक्त गेम आहे, त्याची दुरुस्ती अजून यायची आहे. ती आणखी १८ जीबी. फ्लॅटचा ताबा घेतला आणि त्याच दिवशी गळतीचं काम निघालं, तशातला प्रकार.

शेवटी 'शेडर तयार होत आहेत' अशी एक पट्टी आली. मुलगा अकरावीत आहे आणि या घरातला एकमेव तज्ज्ञ. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत सूचना तयार करतोय तो. आत्ता केल्या नाहीत, तर शर्यतीत ऐन वेळी करत बसेल." पट्टी ९७ टक्क्यांवर वीस मिनिटं उभी होती. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट झाला की हे सगळं पुन्हा शून्यापासून. आणि एवढं करून ऐन वेळी करत बसायचं ते तो बसतोच. प्रत्येक नव्या बोगद्याच्या तोंडाशी चित्र अर्धा सेकंद गोठतं. अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण २४० किलोमीटरच्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात ३३ मीटर जाते. तीन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर मी डोळे मिटून गाडी चालवतो. डोळे उघडतो तेव्हा समोर कठडा असतो.

कठड्याचं काही वाटत नाही, तो मोडतो. या गेममध्ये दगडी भिंत मोडते, विजेचा खांब मोडतो, कुणाचं तरी अख्खं द्राक्षाचं शेत मी आडवं केलं तरी गाडीला ओरखडा नाही. नाशिककर म्हणून तिथे माझा जीव हळहळला, ही गोष्ट वेगळी. पण त्याच शेताच्या बांधावर मनगटाएवढ्या बुंध्याचं एक झाड आहे. त्याला गाडी लागली की २०० वरून शून्य. पानही हलत नाही. मी त्या झाडापुढे आत्तापर्यंत अकरा वेळा नतमस्तक झालोय. आता त्याला पार बांधायचा तेवढा राहिलाय.

आणि दंड! मागच्याने येऊन मला ठोकलं, मी रस्त्याबाहेर फेकला गेलो, आणि दंड कोणाला? मला. तीन सेकंद. रस्ता सोडला म्हणून. ठोकणारा पुढे निघून जातो. इथे मात्र गेम बनवणाऱ्यांनी भारतीय रस्त्यांचा सखोल अभ्यास केलेला दिसतो.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझं दुखणं ती पिवळी गाडी.

आधी मी स्वतःलाच दोष दिला. वळणावर ब्रेक उशिरा मारतोय, गिअर चुकतोय. हजार रुपयांच्या खेळण्यासाठी मी तीन रात्री यूट्यूबवर रेसिंग लाइन शिकलो: बाहेरून आत, आतून बाहेर, वळणाच्या पोटाला चाटून. खरोखर सुधारलो. आधी ती मला एका गाडीच्या अंतराने हरवायची. सुधारल्यावरही एकाच गाडीच्या अंतराने हरवू लागली.

चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "रबरबँडिंग आहे ते."

म्हणजे असं, की तुमच्या आणि बाकीच्या गाड्यांच्या मध्ये एक अदृश्य रबर असतं. तुम्ही लांब पुढे गेलात की रबर ताणलं जातं आणि मागच्यांना जादा वेग मिळतो. तुम्ही मागे पडलात की पुढचे हळू होतात, तुमची वाट बघतात. शर्यत रंगतदार राहावी म्हणून ही सोय. फार जुनी युक्ती आहे म्हणे, आणि बऱ्याच गेममध्ये असते. मी दोन मिनिटं गप्प बसलो. म्हणजे मी आत्तापर्यंत त्या गाडीशी शर्यत लावतच नव्हतो. मी तिला दोरीने ओढत होतो.

पहिल्या नंबरावर राग सगळ्यांचाच असतो, ते मला समजतं. १९९६ च्या 'मारिओ कार्ट ६४' या शर्यतीच्या गेममध्ये एक काटेरी निळं कवच होतं. मागच्या कुणीतरी सोडलं की ते थेट पहिल्याला जाऊन धडकायचं. अन्यायच, पण डोळ्यांदेखत. काय लागलं ते दिसायचं, सोडणाऱ्याला शिव्या देता यायच्या. रबराला शिव्या कशा देणार?

एकदा वाटलं, इंटरनेटच बंद करून खेळू, निदान स्पीकरमधली ती बाई तरी गप्प बसेल. तर गेम उघडेचना. मी एकटा, माझ्याच घरात, संगणकाच्या गाड्यांशी शर्यत लावणार, तरी त्यासाठी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरची परवानगी लागते. मुलाने धीर द्यायच्या सुरात 'द क्रू' नावाच्या गेमची हकिकत सांगितली. २०१४ ला आलेला, लोकांनी पैसे मोजून घेतलेला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायची सोयही त्यांच्याबरोबर गेली. नेमका मार्च एंडिंगला हिशेब मिटवला. त्यावरून युरोपात चळवळ उभी राहिली, दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. मी विचारलं, रबराविरुद्ध कुणी सह्या गोळा करतंय का? तो म्हणाला, "बाबा, झोपा."

मग त्यानेच माझं मन रमवायला २००३ सालच्या 'बिग रिग्ज' नावाच्या गेमचा व्हिडिओ दाखवला. ट्रकांची शर्यत. प्रतिस्पर्धी ट्रक सुरुवातीच्या रेघेवरून हलतच नाही. आपला ट्रक इमारतींतून आरपार जातो, उभा डोंगर चढतो, आणि रिव्हर्समध्ये टाकला तर वेगाला मर्यादाच नाही. जिंकलं की मोडक्या इंग्रजीत पाटी येते, 'यूअर विनर'. पुढे दुरुस्ती आली तेव्हा प्रतिस्पर्धी चालायला लागला, पण अंतिम रेघेच्या अलीकडेच थांबायचा. आजवरच्या सगळ्यात वाईट गेममध्ये त्याची गणना होते. मला मात्र त्या ट्रकचं फार कौतुक वाटलं. रेघेच्या अलीकडे थांबणं! काय हे संस्कार!

तर मी डाव बदलला. पुढे जायचंच नाही. मुद्दाम दुसरा राहायचं, रबर ढिलं ठेवायचं आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नायट्रो, म्हणजे गाडीला एकदम जादा वेग देणारं बटण, मारून निसटायचं. रविवारी सकाळी बरोबर तसंच केलं. पिवळी पुढे, मी मागे, शहाण्यासारखा. शेवटचा बोगदा आला, मी नायट्रो दाबला, चित्र अर्धा सेकंद गोठलं. डोळे उघडले तेव्हा समोर झाड होतं.

मी कंट्रोलर सोफ्यावर आपटून चहा करायला उठलो. परत आलो तर तो बायकोच्या हातात. "अहो, यात पुढे जायचं बटण कुठलं?" आयुष्यात तिने गेम खेळलेला नाही. मी उजवीकडचं दाखवलं आणि बाजूला बसलो. म्हटलं, आता हिलाही कळेल.

पहिलं वळण तिने घेतलंच नाही, सरळ द्राक्षात गेली. मग अर्धा मिनिट उलट दिशेने चालवली. दुसऱ्या फेरीत कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गाडी रस्त्यात तशीच सोडून आत गेली, गॅस बंद केला, हात पुसत आली. आणि पुढच्या सगळ्या गाड्या, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, घाटात लग्नाच्या वरातीसारख्या रेंगाळत होत्या. तिची वाट बघत! ती आली, दोघींना घासून पुढे गेली, खांब पाडला आणि तिसरी आली. किंचाळणाऱ्या बाईला तर गहिवरूनच आलं. मग बक्षिसाचं चक्र फिरलं आणि त्यात गाडी लागली. पिवळी.

"एवढंच होतं होय?" ती म्हणाली. "मग रोज रात्री दोनपर्यंत कसली बोंबाबोंब चालते तुमची?"

ती गाडी आता गॅरेजमध्ये आहे. मी तिला हात लावलेला नाही. मुलगा दुपारी क्लासला असतो. तरी काल पाहिलं तर तिचं रनिंग ४० किलोमीटरने वाढलं होतं, आणि कंट्रोलरला कणकेचा वास येत होता.