नुसती हेल्मेटची काच जाड करून फेसहगर थांबत नाही, पण तो थांबवता येतो

एलियन सिनेमाचा विषय निघाला की हा मुद्दा येतोच, की परग्रहावर अंड्यांपाशी उतरलेल्या केनच्या, म्हणजे नोस्ट्रोमो या मालवाहू यानावरच्या माणसाच्या, हेल्मेटची काच अजून जाड असती, बुलेटप्रूफ असती, तर तो फेसहगर, म्हणजे अंड्यातून उडी मारून तोंडाला चिकटणारा जीव, त्याच्या तोंडाला चिकटला असता का. कोणी म्हणतं केवलार, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटचं कापड, घाला, कोणी म्हणतं दंगलीतल्या पोलिसांसारखी लोखंडी जाळी लावा, आणि कोणी म्हणतं काहीही घाला उपयोग शून्य, त्याचं रक्तच ॲसिड आहे. मी केमिकल लाइनमध्ये सेफ्टीचं काम करतो, दिवसभर ग्लोव्ह्ज, फेस शिल्ड, एप्रन, वर्क परमिट (धोक्याचं काम सुरू करायच्या आधीची सही केलेली परवानगी) हेच डोळ्यासमोर असतं, आणि हा १९७९ चा सिनेमा माझा अत्यंत लाडका, त्यामुळे यावर माझं मत एकदम ठाम आहे. फेसहगर थांबवता येतो. माणसाने बनवलेल्या गियरने थांबवता येतो. पण काही मिनिटं. ती मिनिटं कोण कशी वापरतं त्यावर पुढचं सगळं ठरतं, आणि गप्पांमध्ये नेमका हाच भाग सुटून जातो.

आधी केनने काय घातलं होतं ते बघू. त्याच्या अंगावर स्पेससूट होता. स्पेससूटचं काम काय, आत हवेचा दाब टिकवायचा, ऑक्सिजन पुरवायचा, थंडी-उष्णता अडवायची. केमिकल अंगावर पडेल किंवा एखादा जीव उडी मारून काचेवर बसेल हा विचार करून तो शिवलेलाच नसतो. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवावं लागतं की 'चांगला ग्लोव्ह' असं काही नसतं, अमुक केमिकलसाठी चांगला ग्लोव्ह असतो. नायट्राइल तेलाला मस्त चालतो पण ॲसिटोनला टिकत नाही, ब्यूटाइल ॲसिटोनला चालतो पण पेट्रोलला नाही. प्रत्येक मटेरियलचा ब्रेकथ्रू टाइम असतो, म्हणजे केमिकल बाहेरून लागल्यापासून आतल्या बाजूला पोचेपर्यंतचा वेळ, आणि तो चार्टमध्ये मिनिटांत लिहिलेला असतो. कायमचं कुणीच अडवत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की 'सूट थांबवेल का' हा प्रश्न आपोआप 'किती वेळ थांबवेल' असा होतो.

आता ते ॲसिड. लोकांना वाटतं की स्टीलच्या डेकमधून आरपार जाणारं ॲसिड म्हणजे जगातली कुठलीच वस्तू त्याच्यापुढे टिकणार नाही. असं नसतं. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड साध्या माइल्ड स्टीलच्या टँकमध्ये ठेवतात, कारण स्टीलवर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि तो पुढचं खाणं रोखून धरतो, आणि तेच ॲसिड पाणी घालून पातळ केलं की तोच टँक खायला लागतं. हायड्रोफ्लुओरिक ॲसिड काच खातं पण पॉलिथिलीनच्या बाटलीत निवांत राहतं. ॲक्वा रेजिया सोनं विरघळवतं आणि ते बनवतात काचेच्या भांड्यात. प्रत्येक ॲसिडला त्याचं भांडं आहे. शिवाय ॲसिड काम करताना संपत जातं, एक लिटर कडक सल्फ्युरिक कागदावरचा हिशोब केला तर जास्तीत जास्त किलोभर लोखंड विरघळवेल, त्यापुढे नाही. सिनेमातलं काही थेंब रक्त मजल्यामागून मजले भेदत जातं हे या हिशोबात बसत नाही, पण शेवटी ते थांबतं, जहाजाचं बाहेरचं कवच फोडायच्या आत थांबतं, आणि लिहिणाऱ्याने ते थांबवलं याचं मला फार कौतुक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते ॲसिड त्या प्राण्याच्या स्वतःच्या अंगात आहे ना? त्याच्या नसा, त्याचं काळीज, त्याची कातडी, हे सगळं त्या ॲसिडमध्ये बुडालेलं असतं आणि विरघळत नाही. म्हणजे ते अडवणारं मटेरियल अस्तित्वात आहे, जहाजावरच आहे. फेसहगरने केनच्या आत सोडलेलं पिल्लू त्याची छाती फाडून बाहेर येतं, ते मोठं होताना कात टाकतं आणि ती कात ब्रेट या जहाजावरच्या कामगाराला जमिनीवर पडलेली सापडते, आठवतंय का? तो ती हातात घेऊन बघतो. माझ्या मते त्या अख्ख्या जहाजावरची सगळ्यात किमती पीपीई (अंगावर घालायचं संरक्षक गियर) तीच होती. त्यातून निदान एक एप्रन आणि एक फेस शिल्ड कापून निघालं असतं. वाळलेली कात जिवंत कातडीइतकी टिकली असती का हे टेस्ट करूनच ठरवावं लागलं असतं, ते मान्य, पण टेस्टिंगची सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

काचेचं बोलू. खऱ्या स्पेससूटमध्ये, अगदी अपोलोच्या सूटपासून, तोंडापुढे पॉलिकार्बोनेट असतं. दणका सोसायला ते जबरदस्त, दगड मारा, हातोडी मारा, पण कडक अल्कली आणि बऱ्याच सॉल्व्हंट्सपुढे ते हार मानतं, ढगाळतं, तडे जातात. फेसहगर काच फोडत नाही, वितळवतो, म्हणून बुलेटप्रूफचा इथे काही संबंध नाही, जाडी दुप्पट केली तर वेळ वाढेल एवढंच. माझा उपाय वेगळा आहे. काच ठेवायचीच कशाला? पूर्ण बंद शिरस्त्राण, बाहेर कॅमेरे, आत छोटी स्क्रीन. फेसहगरला तोंड कुठे आहे ते कळतं कसं हे सिनेमा सांगत नाही, पण वितळायला पातळ काचच समोर नसेल तर त्याला टेफ्लॉनचं अस्तर, त्यामागे धातू, त्यामागे अजून एक अस्तर असा प्रवास करायला लागेल, आणि मधे हवेची फट ठेवली तर गळलेलं ॲसिड त्या फटीतून खाली काढूनही देता येईल. पण मग फेसहगरने शेपटीने गळा आवळला तर? तर मानेला कडक कॉलर. हे सगळं आजच्या आज बनवता येईल, भविष्यातलं काही लागत नाही.

मग मी एवढा अस्वस्थ का आहे या विषयावर, तर केरन वेटरहान या बाईंमुळे. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमध्ये रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, विषारी धातूंवर काम करणाऱ्या, म्हणजे विष म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अत्यंत विषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या हातावरच्या लेटेक्स ग्लोव्हवर पडले. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) चालू होतं, ग्लोव्ह घातलेला होता, तेव्हाच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर होतं. नंतर टेस्ट केल्यावर कळलं की ते केमिकल लेटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं. त्यांना त्या दिवशी काहीच झालं नाही. कित्येक महिने काही झालं नाही, त्या कामावर जात होत्या, शिकवत होत्या, आणि मग तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर त्या केमिकलसाठी आत लॅमिनेटचा (थरावर थर चिकटवलेल्या प्लास्टिकचा) आणि वरून जाड असा दुहेरी ग्लोव्ह घालायला सांगायला लागले. फेसहगर गळून पडल्यावर, पिल्लू आत असतानाच, केनला उठून जेवणाच्या टेबलावर बसलेला मी जेव्हा जेव्हा बघतो, हसतोय, भूक लागलीय, सगळे खूश आहेत की वाचला बाबा, तेव्हा मला ह्या बाई आठवतात. गियर हरलेलं असतं आणि ते कुणालाच दिसत नाही, ही त्या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट आहे.

१९८६ च्या दुसऱ्या भागातले मरीन्स तर अजून चुकीचं गियर घालून जातात. छातीवर चिलखत, तोंड उघडं. गोळ्यांसाठी शिवलेलं चिलखत घालून ॲसिडच्या फवाऱ्यासमोर उभे राहतात आणि त्याच फवाऱ्यात ड्रेक हा मरीन जातो. हिक्स या दुसऱ्या मरीनच्या चिलखतावर ॲसिड उडतं तेव्हा ते घाईघाईने उतरवावं लागतं, तरी तो भाजतोच, पण बघा, तो जगतो. चिलखताने त्याला काही सेकंद दिले आणि शेजारी दोन्ही भागांतली नायिका रिप्ली होती जिने ते बकल सोडवले. गियरचं काम एवढंच असतं आणि तिथे ते त्याने केलं. आणि त्याच सिनेमात कॉलनीच्या मेडलॅबमध्ये पारदर्शक नळकांड्यांत जिवंत फेसहगर ठेवलेले आहेत, एक तर बर्क या कंपनीच्या माणसाच्या तोंडाच्या दिशेने झेप घेतो, आणि नळकांडं टिकतं! माणसाला गुंडाळण्यापेक्षा धोक्याला बंद करणं हे कायम सोपं असतं. आमच्या धंद्यात हा पहिला धडा आहे, आधी धोका काढून टाका, मग बदला, मग बंदिस्त करा, मग नियम करा, आणि हे सगळं करून जे उरेल त्यासाठी माणसाच्या अंगावर पीपीई चढवा. पीपीई सगळ्यात शेवटी. सिनेमावाले आणि फॅन्स दोघंही सुरुवातच तिथून करतात.

नंतरच्या भागांत लोक अनोळखी ग्रहावर हवा चांगली आहे म्हणून हेल्मेट काढतात किंवा घालतच नाहीत, त्यावर मी वेळ घालवणार नाही, तिथे साधा एससीबीए सेट (पाठीवर हवेची टाकी, तोंडावर बंद मास्क) असता तर निदान ते नाकात शिरणारे बीजाणू तरी आत गेले नसते.

आता दरवाजा. पहिल्या भागात फेसहगर चिकटलेल्या केनला घेऊन बाकीचे एअरलॉकला, म्हणजे यानाच्या दुहेरी दाराला, येतात, रिप्ली आत घेत नाही, २४ तास क्वारंटाइन सांगते, आणि ॲश, जहाजावरचा विज्ञान अधिकारी, दार उघडतो. पूर्ण सिनेमातलं सगळ्यात भारी संरक्षण ते दार होतं. खरंखुरं उदाहरण द्यायचं तर अपोलो ११, जुलै १९६९. चंद्रावरून जंतू आले तर काय म्हणून २१ दिवसांचं क्वारंटाइन, खास आयसोलेशन सूट, बंद ट्रेलर, सगळी तयारी. आणि यान समुद्रात उतरल्यावर ते सूट आत द्यायला दार उघडलं गेलं, यानातली हवा बाहेर आली. चंद्रावर काही नव्हतं म्हणून निभावलं. बीएसएल-४ म्हणजे सगळ्यात घातक विषाणूंसाठीच्या लॅबमध्ये, आपल्या पुण्यात एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे अशी लॅब आहे, सूटच्या आत दाब जास्त ठेवतात म्हणजे भोक पडलं तरी हवा बाहेरच जावी, आणि बाहेर येताना आधी केमिकल शॉवर, मग सूट काढायचा. तिथे कुणाची दया आली म्हणून शॉवर चुकवत नाहीत. रिप्लीला लोक निर्दयी म्हणतात तेव्हा मला मनापासून राग येतो, ती एकटीच होती जिला समजलं होतं की केनच्या सूटने जो वेळ द्यायचा तो देऊन झालाय, आता पुढची पाळी दाराची.

आणि ॲशने दार का उघडलं, तर कंपनीचा हुकूम होता, प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. नोस्ट्रोमोवरचे लोक सैनिक नव्हते, माल वाहणारे कामगार होते, पार्कर आणि ब्रेट पहिल्यापासून पैशावरूनच भांडत असतात. ॲक्सिडेंट झाला की पहिला प्रश्न कायम हाच येतो, पीपीई घातली होती का? नसेल घातली तर फाइल बंद, चूक त्याची. केनने सगळं घातलं होतं. बूट, ग्लोव्ह्ज, सूट, हेल्मेट, दोरी, रेडिओ, सगळं. त्याच्या परमिटवर सही करताना मी असतो तर काय घालतोय हे शेवटी विचारलं असतं, आधी विचारलं असतं की खाली माणूस उतरवायचं कारण काय, दोरीला कॅमेरा बांधून सोडता येत नाही का. आणि उत्तर नीट मिळालं नसतं तर त्या परमिटवर सही केली नसती.