रायझोबियमच्या पाकिटात नुसती कोळशाची भुकटी असते का?

मृग जवळ आला की औसा-निलंग्याकडच्या आमच्या ग्रुपांवर रायझोबियमबद्दल, म्हणजे सोयाबीन-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणाऱ्या, बियाण्याला लावायच्या जिवाणूबद्दल, एक मेसेज फिरू लागतो. ‘रायझोबियम म्हणजे कोळशाची भुकटी. जिवाणू आणि विषाणू एकच, घरात आणू नका. खरे जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, मग चिमूटभर पुरे. एकच पाकीट सगळ्या डाळींना चालतं. मुळावर गाठी आल्या तर रोग समजा.’ गेल्या वर्षी हे वाचून माझ्या चुलत्यांनी सोयाबीनची बीजप्रक्रिया सोडून दिली. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. घरातच नुकसान होताना गप्प राहवत नाही.

पावडर काळी असते, हे खरं. तो लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसाच. ओल धरून जिवाणूंना जिवंत ठेवण्यासाठी तो वापरतात. खत नियंत्रण आदेशानुसार अशा पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात. 250 ग्रॅमच्या पाकिटात 1,250 कोटी झाल्या. दहा किलो सोयाबीनमध्ये ऐंशी हजारांच्या आसपास दाणे धरले, तर एका दाण्याच्या वाट्याला दीड लाख पेशी येतात.

पण मेसेज लिहिणाऱ्याचा राग कुठून आला असेल, ते मला कळतं. दोन वर्षांपूर्वी आमच्याही रानात गाठी धरल्या नाहीत. पाकीट अख्खा मे महिना पत्र्याच्या दुकानात पडून होतं. बॅसिलससारखे काही जिवाणू जाड कवचाचा बीजाणू करून उष्णता सोसतात. रायझोबियमला बीजाणू करता येत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली ते मरणारच. म्हणून तारीख बघा, पाकीट कुठं ठेवलं होतं ते विचारा आणि घरी आणल्यावर सावलीत ठेवा.

जिवाणू-विषाणू एकच नाहीत. जिवाणू ही पूर्ण पेशी आहे. तिला भित्तिका असते, प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात, आणि ती स्वतः खाते, स्वतः दुभंगते. विषाणूला पेशीच नसते. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढत नाही. रायझोबियमने माणसाला आजार होत नाही.

वीस मिनिटांचा आकडा आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा, तोही प्रयोगशाळेत, भरपूर अन्न आणि 37 अंश तापमान मिळालं तर. तो वेग दिवसभर टिकला असता, तर एका पेशीपासून 24 तासांत सुमारे 4,700 टन जिवाणू झाले असते! तसं होत नाही, कारण अन्न संपतं, टाकाऊ द्रव्यं साचतात आणि वाढ थांबते. सोयाबीनचा जिवाणू तर मुळातच सावकाश वाढतो, एकदा दुप्पट व्हायला त्याला सहा तासांहून अधिक लागतात. त्यात कोरड्या दाण्यावर तो वाढत नाही, उन्हानं आणि वाऱ्यानं कमीच होत जातो. म्हणून चिमूट पुरत नाही. दहा किलोला 250 ग्रॅम, थंड गूळपाण्यात कालवून. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी, आणि सावलीत सुकवून लगेच पेरा.

याच सावकाशीमुळे 1982 साली या जिवाणूला रायझोबियममधून काढून ब्रॅडीरायझोबियम ही वेगळी प्रजाती केली गेली. पाकिटावर जुनं नाव चालू आहे. हरभऱ्याला मेझोरायझोबियम लागतो, सोयाबीनचा चालत नाही. वर्गीकरण हा नुसता पुस्तकातला विषय नाही, ते इथं कामाला येतं: पाकिटावर पिकाचं नाव वाचा.

राहिल्या गाठी. सूत्रकृमी म्हणजे मुळात शिरून रोग करणारे बारीक जंत. त्यांची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती वेगळी निघत नाही. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटानं सुटते. पेरल्यावर चाळीसेक दिवसांनी खुरप्यानं मातीसकट झाड काढा, मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर जिवाणू हवेतला नत्र बांधतोय. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या लाल द्रव्याचा. आत पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ काम करत नाही.