पट्टा तुटतो म्हणे! कुठला पट्टा?

मावशीने परवा रात्री साडेअकराला एक मेसेज पुढे ढकलला. खाली एकच ओळ: "विकून टाकू का रे?" तिची लेक्सस सीटी २००एच, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी, अकरा वर्षांची आहे आणि तिचा त्या गाडीवर जीव आहे. हे मॉडेल २०२२ मध्येच बंद झालं. मेसेज सांगतो, की अशा हायब्रिडची बॅटरी आठ वर्षांत मरते, सीव्हीटीचा (टप्प्यांशिवाय बदलणाऱ्या गिअरबॉक्सचा) पट्टा कधीही तुटतो, सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून लगेच विका आणि लेक्ससचीच यूएक्स घ्या, "तीच गाडी, फक्त उंच", नाहीतर प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी मोठ्या बॅटरीची हायब्रिड, घ्या, "चार्ज नाही केली तरी फायदाच". हाच मेसेज मला आधी दोनदा आला होता, मी सोडून दिला. पण आता मावशीची झोप उडाली आहे.

आधी पट्टा. साध्या सीव्हीटीत दोन पुलींवर ताणलेला पोलादी पट्टा असतो आणि तो झिजतो, हे खरं. पण या गाडीतली "ई-सीव्हीटी" फक्त नावाची सीव्हीटी आहे. आत प्लॅनेटरी गिअर आहेत: मधल्या गिअरला एक मोटर-जनरेटर, बाहेरच्या कड्याला दुसरी मोटर आणि चाकं, दोन्हींमधल्या छोट्या गिअरांच्या सांगाड्याला इंजिन. दाते कायम एकमेकांत अडकलेले. मोटरी किती वेगाने फिरतात त्यावर गिअरचं गुणोत्तर ठरतं. या १.८ लिटर इंजिनाला बाहेरूनही पट्टा नाही. वेगळा अल्टरनेटर नाही, स्टार्टर नाही, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर. पट्टा शोधायचाच असेल तर सीटबेल्ट आहेत, पाच. मेसेज लिहिणाऱ्याने बॉनेट उघडून पाहिलेलं नाही, एवढं नक्की.

बॅटरीचं "आठ वर्षं" बहुधा वॉरंटीच्या मुदतीवरून उचललंय. वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी संपली, हा कुठला हिशेब? अमेरिकेत गाड्या आणि वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या वर पळालेली २००२ ची प्रियस, म्हणजे लेक्सस ज्यांची त्या टोयोटाची हायब्रिड, तपासली. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच जवळपास नवी प्रियस चालवून पाहिली होती, तेव्हा गॅलनला ४०.६ मैल मिळाले होते. या म्हातारीने ४०.४ दिले. एका गाडीवरून सगळ्यांचं भविष्य सांगता येत नाही, मान्य. पण सीटीतली बॅटरीही त्याच निकेल-मेटल हायड्राइड घराण्यातली, आणि गाडीचा संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. तिचा खरा शत्रू उष्णता. मागच्या सीटजवळची हवेची जाळी धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापते. आणि "हायब्रिड बॅटरी गेली" म्हणून रडारड होते तेव्हा कित्येकदा डिकीतली साधी बारा व्होल्टची बॅटरी बसलेली असते. ती बसली की "रेडी" दिवाच लागत नाही आणि गाडी निघत नाही.

सुटे भाग? इंजिन आणि हायब्रिड यंत्रणा तिसऱ्या पिढीच्या प्रियसची. त्या गाड्या रस्त्यावर ढिगाने आहेत. दिवे, बंपर, आतली सजावट मात्र फक्त सीटीची, तिथे थोडी भीती रास्त आहे. आणखी एक गोष्ट, जी मेसेजला ठाऊकच नाही, ती नाइलाजाने मीच सांगतो. या इंजिनाच्या ईजीआर कूलरमध्ये (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागात) काजळी साचते आणि दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलपर्यंत, प्रकरण जाऊ शकतं. सकाळी थंड इंजिन सुरू होताना गाडी थरथरली किंवा कूलंट कमी होऊ लागलं तर दाखवून घ्यावी.

यूएक्स २५०एच "तीच गाडी" नाही. सांगाडा वेगळा, इंजिन दोन लिटरचं, डिकीचा तळ उंच. चांगली आहे, पण सीटीची बुटकी, जमिनीला धरून वळणारी चाल तिच्यात शोधू नये. प्लग-इन चार्ज न करता चालवणं म्हणजे जड बॅटरी फुकट वाहणं.

मावशीला कधीतरी बदलायचीच असेल तर सीटीच्या स्वभावाला सगळ्यांत जवळची मला पाचव्या पिढीची प्रियस वाटते: तशीच बुटकी, पाच दारांची आणि आता दोन लिटरची. काही बाजारांत ती फक्त प्लग-इन मिळते, तेवढं बघावं लागेल. हे सगळं फोनवर सांगितलं. मावशी शांतपणे ऐकून म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण प्रियस टॅक्सी वाटेल ना?"