एका डोळ्याची नजर अचानक गेली, तर आराम नाही, थेट मोठं हॉस्पिटल

“अचानक एका डोळ्यासमोर अंधार आला तर घाबरू नका” हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा आलाय, आणि बीपी-शुगर असलेल्या माझ्या आत्याने तो जपून ठेवलाय. ज्यांच्यावर हा प्रसंग खरंच येऊ शकतो, त्यातलीच ती. मेसेज म्हणतो: दुखत नसेल तर रात्रभर आराम करा, डोळ्याला मालिश करा, कागदी पिशवीत श्वास घ्या, गाईचं तूप घाला, ॲस्पिरिन घ्या, आणि नजर परत आली तर काही करू नका.

यातलं सर्वांत घातक वाक्य पहिलंच. डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी गुठळीने बंद झाली की बहुतेकदा काहीच दुखत नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. पेपर वाचताना माणूस सहज एक डोळा चोळतो आणि तेव्हा कळतं की दुसऱ्याने अक्षरं सोडाच, पेपरही दिसत नाहीये. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये या आजारावर निवेदन काढलं, त्यात याला सरळ स्ट्रोकचा प्रकार म्हटलंय. तोंड वाकडं झालेल्या माणसाला आपण रात्रभर झोपवून ठेवू का? नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हायरे यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत ९७ मिनिटांपर्यंत रक्त बंद राहूनही पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र कायमचं मोठं नुकसान झालेलं होतं. रात्री दहाला नजर गेली आणि सकाळी डॉक्टरकडे गेलात, तर ती वेळ केव्हाच उलटून गेलेली असते.

मालिश आणि पिशवी हे मेसेजवाल्याने मनाने रचलेलं नाही, एवढं मान्य करतो. हे उपाय डॉक्टर वर्षानुवर्षं करत आलेत. पण त्यांनी फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, उलट नुकसान होऊ शकतं, हेही त्याच निवेदनात आहे. शिवाय घरी डोळा दाबत बसलात की वेळ जातो तो जातोच.

तुपाबद्दल काय बोलायचं! गुठळी डोळ्याच्या मागे, रक्तवाहिनीच्या आत आहे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. कुठे रक्तस्राव तर नाही ना, हे आधी डॉक्टरांना पाहू द्या.

१०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन, न्यूरॉलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल गाठा. नजर नेमकी कधी गेली ते सांगा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा विचार साधारण साडेचार तासांच्या आतच होतो, आणि त्याने नजर येईलच अशी हमी कुणी देऊ शकत नाही. तरीही धावायचं, कारण पुढच्या काही दिवसांत मेंदूचा स्ट्रोक येण्याचा धोका खूप वाढलेला असतो. पन्नाशीपुढच्या माणसाचं डोकं दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल, तर तेही सांगा. रक्तवाहिन्यांच्या सुजेमुळे नजर गेली असेल तर स्टिरॉइड ताबडतोब द्यावं लागतं, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो.

आणि नजर पाच-दहा मिनिटांत परत आली, तरी त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात जा. मानेतल्या धमनीची सोनोग्राफी आणि ईसीजी करून घ्या. गुठळी तिथून किंवा हृदयातून आली असेल, तर पुढची थेट मेंदूत जाऊ शकते.