संग्रहालय झटपट कसे उरकावे

रविवार मोकळा आहे, मॉल बघून झालेत, सिंहगडावर गर्दी असणार आणि घरी पाहुणे आलेत. अशा वेळी पुणेकराला शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवतं. गेल्या रविवारी मीही तिथे होतो. माझ्या पुढेच एक कुटुंब चाललं होतं. संग्रहालय कसं पाहावं याचं जे शास्त्र त्यांच्याकडून मला फुकटात शिकायला मिळालं, ते आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

बाजीराव रस्त्यावर गाडी कुठे लावायची, हे मी सांगत नाही. पुणेकरांना माहीत आहे, बाकीच्यांना कळेल.

मुलाचं वय तिकिटाच्या खिडकीपाशी पोचल्यावर ठरवावं.

आत शिरल्यावर माहितीचे फलक वाचू नयेत. फलक वाचणारा माणूस वाट अडवतो, मागच्यांचा खोळंबा होतो. शिवाय वाचायची गरजही नसते, कारण इथल्या प्रत्येक वस्तूसाठी एकच उत्तर पुरतं: ‘शिवाजी महाराजांच्या काळातलं.’ अडकित्ता असो, दौत असो, शेवयांचं यंत्र असो, मुलांना तेवढंच सांगावं आणि पुढे सरकावं. यंत्राला दांडा का आहे असं मुलाने विचारलंच, तर त्याच्या हातात मोबाइल द्यावा.

‘हात लावू नये’ ही पाटी इतर लोकांसाठी असते. आपण फक्त एकदाच लावतो. घामातल्या क्षारांनी पितळ काळवंडतं वगैरे गोष्टी रसायनशास्त्राच्या मास्तरांसाठी ठीक आहेत. आणि कोरीव दरवाजाची कडी वाजवून बघायची नसती, तर ती लावलीच कशाला असती?

फोटो मात्र भरपूर काढावेत, आणि फ्लॅश टाकूनच. चित्रकथीचे, म्हणजे कथा सांगताना दाखवायच्या जुन्या चित्रांचे, रंग प्रकाशाने विटतात आणि एकदा विटले की परत येत नाहीत, ही चिंता ज्याची त्याने करावी. आपल्या फोटोत चित्र नसतंच, काचेवर उमटलेला पांढरा गोळा असतो. तोही आपण पुन्हा बघत नाही.

मस्तानी महालात रील करणं सक्तीचं आहे. हे अवशेष कोथरूडच्या मूळ महालातून आणून इथे पुन्हा उभे केलेत, हे कोणी सांगू लागलं तर ‘हो का, आमचा फ्लॅट तिकडेच आहे’ असं म्हणून कॅमेऱ्यासमोर गिरकी घ्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. आजीला आत नेऊ नये.

ज्येष्ठ माणसं सहलीचा वेग मारतात. त्यांना फाटकाशी बाकावर बसवावं, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या ठेवाव्यात आणि ‘इथेच थांब, आलोच’ म्हणून निघावं. त्या कुटुंबाचं इथेच चुकलं. आजी आत आल्या आणि व्हायचं तेच झालं: वज्र्यांच्या कपाटापुढे थांबल्या. नातवाने विचारलं, “हे काय आहे?” वडिलांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, “शोपीस.” आजी म्हणाल्या, “शोपीस कसलं रे? वज्री आहे ती. आमच्या न्हाणीघरात होती, माझी आजेसासू त्याने टाचा...” झालं. “आई, चल ना, वर अजून किती बघायचंय. हॉटेलात नंबर लावलाय.” आजी चालू लागल्या. थोड्या वेळाने तांब्याच्या घंगाळापाशी पुन्हा थांबल्या, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि या वेळी सूनबाईंनी खांद्याला धरून हलकेच पुढे नेलं. फार प्रेमाने नेलं हो, खोटं कशाला बोलू.

शोपीस! टाचेचा मळ काढायची वस्तू, न्हाणीघराच्या कोपऱ्यात पडून राहणारी. तिच्या मुठीवर ओताऱ्याने पक्षी बसवला, तो काय काचेआड ठेवण्यासाठी? सुपारी कातरायच्या अडकित्त्याला राघूचा आकार दिला, तो का दिला, हा प्रश्नसुद्धा डोक्यात येऊ नये? दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास ह्या वस्तू जमवायला सुरुवात केली. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारा हा माणूस लोकांच्या माळ्यावरचं, अडगळीतलं सामान मागत हिंडला. घर भरलं, बायको कमलाबाईंनी तो पसारा निगुतीने सांभाळला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांवर वस्तू! मांडायला जागा नाही म्हणून त्यातल्या जेमतेम अडीच हजार समोर दिसतात. आपण काय केलं त्या काळात? पितळेची मोड घातली आणि स्टीलचे डबे आणले. बंब गेला, घंगाळ गेलं, समया गेल्या. केळकरांनी उचललं नसतं तर आज काचेआड बघायलाही काही उरलं नसतं. आणि बघायला जाऊन आपण बघतो काय, तर हॉटेलचा वेटिंग नंबर.

अहो, वीस हजारही नको आणि अडीच हजारही नको. दहा वस्तू बघा. एक मजला बघून घरी जा, कोणी हजेरी घेत नाही. मुलगा कंटाळला तर इथून कसब्यातल्या तांबट आळीत न्या, तांब्याच्या पत्र्यावर ठोके अजून पडतात तिथे; एकदा ते ऐकलं की घंगाळाच्या अंगावरचे ठोके त्याचे त्याला दिसतील. पण तुम्ही नेणार नाही, कारण तिथे एसी नाही आणि गाडी लावायला जागा नाही.

आणि त्या आजींना बोलू द्यायला काय झालं होतं? रखवालदारसुद्धा कान देऊन ऐकत होता. जिने वज्री हातात धरली आहे, शेवयांचं यंत्र फिरवलं आहे, घंगाळातल्या पाण्याने अंघोळ केली आहे, असं माणूस तुमच्या घरात जिवंत आहे, आणि तुम्ही तिला खांदा धरून पुढे ढकलता? लाज वाटायला हवी होती. मुलाला शाळेने ‘जुन्या घरगुती वस्तू’ असा प्रोजेक्ट दिलाय, हे तुम्हीच तिकिटाच्या रांगेत मोठ्याने सांगत होतात. तो रात्री गुगलवरून उतरवून दिला असेल. वज्रीचं नाव त्यात नसणार, आणि ते विचारायला आता तुम्ही आजींकडे जाणारही नाही.